बाबा महिन्याले पावडरचा डबा घेऊन राह्यले अन् शुगरची गोळी अर्धी केली, कसं समजावू?

माहेर_दारव्हा
नमस्कार. मी लग्न होऊन आर्वीकडे असते, माहेर दारव्हा तालुक्यात. बाबा ६१ वर्षांचे, माळकरी आहेत, अंडं-मटण आयुष्यात नाही. नऊ वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ. मागच्या आठवड्यात माहेरी गेली तर फळीवर एकसारखे पांढरे डबे ओळीनं मांडलेले, एकात तिखट, एकात जवसाची चटणी, एकात साबुदाणा. आईले म्हटलं हे कायचे डबे व, तर म्हणते तुह्या बाबाच्या शक्तीच्या पावडरीचे. नऊ रिकामे मोजले मी. एक डबा १८५० चा. म्हणजे पोळ्यापासून आतापर्यंत साडेसोळा हजाराच्या वर गेले, सव्वादोन क्विंटल तुरीचे पैसे, अन् पेरणी तोंडावर आली तर बियाण्यासाठी उसनवारी चालू आहे.

विकणारा माह्या सख्ख्या आत्याचा पोरगा. तो एका चेनच्या कंपनीत लागला, त्यानं बाबाले सांगितलं की मामा ह्यानं शुगर मुळातून जाते, सहा महिन्यांत गोळी सुटते. म्हणून बाबानं सकाळची गोळी स्वतःच बंद केली. पैशाचं एक वेळ जाऊ द्या पण त्यांच्या पायाले मुंग्या येतात, परवा अंगणातून चालत आले तर एका पायातली चप्पल मागंच राह्यली होती अन् त्यांना समजलंच नाही. मले ते पाहून धस्स झालं. काही बोललं की म्हणतात घरचा पोरगा आपल्याले फसवंल का. काय करू?

मेडिकलवाला_भाऊ
ताई, पह्यले डॉक्टरनं लिहून दिली तेवढी गोळी सुरू करा, मग बाकीचं. चप्पल निसटली अन् कळलं नाही हे साधं नाही, शुगरनं नसा खराब झाल्या तरी होते अन् बी १२ कमी पडलं तरी तसंच होते. तुमच्या बाबाच्या बाबतीत बी १२ ची शंका जास्त येते कारण ते शाकाहारी आहेत, हे जीवनसत्त्व मांस-अंडी-दुधातूनच मिळते, अन् मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली की ते अंगी लागणं आणखी कमी होते. रक्ताच्या दोन तपासण्या करा, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) अन् बी १२. आणि तोवर रोज रात्री त्यांचे तळवे कंदिलाच्या... म्हणजे टॉर्चच्या उजेडात पाहत जा, काटा रुतला, चिरा पडल्या तरी अशा माणसाले समजत नाही.

आता डब्याचं. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याचा) १४ आकडी लायसन नंबर असला म्हणजे तो खाण्याचा पदार्थ म्हणून बनवायची परवानगी आहे, आजार बरा होतो असं त्यानं सिद्ध होत नाही. हेल्थ सप्लिमेंटवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. शुगर बरी करतो म्हणून जाहिरात करायले तर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून कंपनी डब्यावर तसं काही छापत नाही, ते तोंडी सांगायचं काम तुमच्या आतेभावासारख्या पोरावर सोडते.

मी १६ वर्षं काउंटरवर आहो. सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीच्या आसपास लोक येतात, "कमजोरीची बाटली द्या, भारीतली द्या". कायची कमजोरी, केव्हापासून, काही नाही. भाव जास्त तेवढी ताकद जास्त असं डोक्यात बसलं आहे. एक काकू व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटवाली पुडी दुधात टाकून रोज घेत होत्या, ती हप्त्यातून एक असते, तीही काही हप्तेच! महिनाभर उलट्या, तहान, पोट साफ नाही, कॅल्शियम वाढून किडनीवर आलं होतं. शेजारणीनं सांगितलं म्हणून घेतली. तेव्हापासून मी त्या पुडीच्या पाकिटावर पेननं वार लिहून देतो, 'फक्त सोमवार'.

वऱ्हाडी_आजोबा
पोरी, बाबावर रागावू नको. मी ६८ चा आहो, अकोट तालुक्यातला, मीही असे डबे घेतले. काहून घेतले ते सांगतो. दवाखान्यात तीन घंटे बसलं तर डॉक्टर दोन मिनिटं पाह्यते, मान वर करून बोलत नाही. अन् हा पोरगा येते, ओट्यावर बसते, चहा घेते, इचारते मामा झोप लागते का, गुडघा दुखते का. घंटाभर कोणी आपली तब्येत इचारते हेच म्हाताऱ्या माणसाले औषध वाटते. तुह्या बाबाच्या डब्यात पावडर कमी अन् ते इचारणं जास्त आहे. तू हप्त्यातून दोनदा फोन करून पायाचं इचार, पाय आज कसे आहेत म्हणून, शुगरचं पहिले काढू नको.

दुसरी गोष्ट, माह्या भावानं बाजारातून गुडघ्याची खुली पुडी आणली होती, ना नाव ना लेबल. आठ दिवसांत पोरासारखा चालायले लागला, आम्हीही खूश. चार महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला, शुगर कधी नव्हती ती निघाली. त्यात स्टेरॉइड असन असं डॉक्टर म्हणाले. अन् तशी पुडी एकदम बंद केली तरी माणूस चक्कर येऊन पडते, जिवावर बेतते, ती डॉक्टरच्याच हातानं हळूहळू सोडवा लागते. म्हणून इचारतो, तुह्या बाबाच्या डब्याबरोबर एखादी खुली पुडी तर नाही ना चालू?

आशाताई_गडचिरोली
मेडिकलवाल्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मी आशा म्हणून काम करते, आमच्या इकडे डब्यापेक्षा रक्तवाढीच्या बाटल्या जास्त खपतात. बायांना थकवा आला, डोळे पांढरे दिसले की नवरा बाजाराच्या दिवशी बाटली घेऊन येतो, दोनशे-तीनशेची. अन् सरकारी लाल गोळी, ज्यात ६० मिलिग्रॅम लोह अन् ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते, ती फुकटात घरी नेऊन दिली तर उतरंडीत पडून राहते! फुकटची म्हणून हलकी समजतात. मळमळ होते, संडास काळी होते म्हणून घाबरून सोडतात. संडास काळी होणं काही वाईट नाही बाई, लोहानं तसं होतेच. जेवण झाल्यावर घ्या, वरून चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेलं पाणी चालते. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळेला.

पण आपल्या विदर्भात एक गोष्ट वेगळी आहे, सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, सगळीकडे आहे. सिकलसेलचा पेशंट असेल तर त्याचं रक्त बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेनं कमी झालेलं नसते, लाल पेशीच लवकर फुटतात. त्याला बाटल्यांवर बाटल्या लोह पाजलं, त्यात रक्त चढवलेलं असलं, तर लोह लिव्हरमध्ये-हृदयात साचते. म्हणून रक्त कमी आहे एवढ्यावरून बाटली घेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची पहिली तपासणी, सोल्युबिलिटीची, होते, बोटाच्या थेंबावर, पैसे लागत नाहीत. माझ्या वस्तीत एक पोरगी दोन वर्षं टॉनिक पीत होती अन् हाडं दुखतात म्हणून रडत होती, तपासलं तर एसएस, म्हणजे सिकलसेलची पेशंट निघाली. आधी तपासलं असतं तर ती दोन वर्षं वाचली असती, मला अजून वाईट वाटते.

भरती_२०२६
थोडं वेगळं, पण भरतीच्या ग्राउंडवरच्या पोरांसाठी लिहितो. आमच्यातले निम्मे पोरं खुली प्रोटीन पावडर घेतात, पन्नीत बांधून, जिमवाला बादलीतून काढून देते. त्यात काय आहे देवाले माहीत. साध्या माणसाले किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते, म्हणजे ६० किलोवाल्याले ५० ग्रॅम, मेहनत करणाऱ्याले त्याच्या दीडपट-दुप्पट धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर फुटाण्यात तेवढंच. अन् घरात सोयाबीनची पोती लागून आहेत राजेहो, डाळीपेक्षा जवळपास दुप्पट प्रोटीन त्यात! फक्त कच्चं खाऊ नका, पचत नाही, भिजवून चांगलं शिजवा नाहीतर भाजा. माय वरणात मूठभर टाकते, मी १६०० मीटर त्याच्यावरच पळतो.

माहेर_दारव्हा
सगळ्यांचे आभार, बारा दिवसांनी लिहून राह्यली. आजोबा, तुमचं ऐकलं. फोन केला नाही, स्वतः गेली अन् बाबाच्या पायाले तेल लावत बसली, मग ते आपोआप बोलले की पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात. खुली पुडी नव्हती. रक्त तपासलं. एचबीएवनसी ९.४ म्हणजे शुगर वाढलेली, अन् बी १२ १३८ आलं, लॅबच्या कागदावर २०० च्या खाली कमी लिहिलं आहे. डॉक्टरनं बी १२ ची इंजेक्शनं सुरू केली अन् शुगरची गोळी पूर्ण घ्यायले लावली. डब्याच्या मागचं मी बाबाले चष्मा लावून त्यांच्याच तोंडून वाचायले लावलं, 'औषधी वापरासाठी नाही' इंग्रजीत होतं, मी अर्थ सांगितला. ते बराच वेळ डबा हातात धरून बसले, मग आईले म्हणाले हा तिखटाले घे.

दोन सीलबंद डबे उरले आहेत. आतेभाऊ वापस घेत नाही म्हणते, त्यानं स्वतःच्या पैशानं माल उचलला आहे. बिल नाही. १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनले, फोन लावला तर त्याचं नाव येईल का, बाबा म्हणतात पोराले त्रास नको.

मेडिकलवाला_भाऊ
ताई, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या (अशा हातोहात माल विकणाऱ्या कंपन्यांच्या) नियमात विकणाऱ्या पोरानं केलेल्या विक्रीची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे, तक्रार कंपनीवरच करा. आधी भावाले म्हणा कंपनीकडून बिल काढून दे, त्याचाही अडकलेला माल वापस करायचा रस्ता तिथूनच निघू शकते. डब्याचा बॅच नंबर अन् तारखेचा फोटो काढून ठेवा, सील फोडू नका. अन् इंजेक्शनं संपली की बी १२ च्या गोळीवर किती दिवस ठेवायचं ते डॉक्टरले विचारून या, बरं वाटलं की लोक तिथंच सोडून देतात.