मांजराचं पिल्लू बोका की भाटी (मांजरी): तिसऱ्या आठवड्यात सांगावं का?

कृष्णाकाठ (सांगली):
उन्हाळा आला की घरोघरी पिल्लं. न्यायला येणारा पहिलं विचारतो, "बोका आहे न्हवं?" देणारा तोंड बघून "हो" म्हणतो. पुढं तो बोका गाभण राहतो आणि पोत्यात घालून बाजारात सोडला जातो. तीन आठवड्यांचं पिल्लू नीट बघून खरं काय ते सांगता येतं, आणि सांगितलंच पाहिजे.

हात चोळून गरम करा. पिल्लू मांडीवर टॉवेलावर उभं करा, शेपटीच्या बुडाशी पाठीवर बोट फिरवा. शेपटी आपसूक वर होते, ओढू नका. शेपटीखाली लगेच शीची जागा, तिच्याखाली दुसरं छिद्र. भाटीत ते उभी चीर असतं, अगदी जवळ. उलटं धरलेलं उद्गारचिन्हच. बोक्यात गोल ठिपका, अंतर जवळपास दुप्पट, म्हणजे सरळ विसर्ग. एकटं पिल्लू बघून फसगत होते. सगळी भावंडं शेजारी-शेजारी धरा, फरक लगेच दिसतो.

यवतेश्वर (सातारा):
पद्धत बरोबर, घाई चूक. या वयात बोक्याच्या गोळ्या (वृषण) इतक्या बारीक असतात की बोटाला लागत नाहीत, आणि पिल्लू गारठलं किंवा घाबरलं की वर सरकतात. आईविना वाढणारी पिल्लं एकमेकांची ती जागा चोखतात. सूज येते आणि चीर की ठिपका काहीच कळत नाही. आठ आठवड्यांना दोन छिद्रांच्या मधे चिमटीत हलकंच चाचपा, तुरीच्या दाण्याएवढं काही लागलं तर बोका. नाहीतरी त्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये.

हळदपेठ:
एवढं कशाला? तिरंगी असेल तर भाटी, केशरी असेल तर बोका. रंग बघा.

कृष्णाकाठ:
तिरंगीचं मान्य, तिरंगी बोका हजारोंत एखादा. केशरीचं मात्र अर्धवट आहे. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला ते एकट्या आईकडून मिळालं तरी पुरतं. भाटी पूर्ण केशरी व्हायला आई-बाप दोघांकडून यावं लागतं. म्हणून केशरीत बोके जास्त, पण पाचात एखादी भाटी निघतेच. काळ्या-पांढऱ्या किंवा राखी पट्ट्यांच्या पिल्लात तर रंगावरून काहीच कळत नाही.

यवतेश्वर, सूज दिसली तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसानं पुसा, त्या पिल्लाला वेगळं झोपवा, चार दिवसांनी परत बघा. पिल्लू आठ आठवड्यांनीच द्या, पण माणसं महिन्याच्या पिल्लावरच बोट ठेवून जातात. त्यांना काय सांगायचं?

यवतेश्वर:
"बहुतेक बोका, नक्की आठव्या आठवड्याला." एवढंच. छातीठोक "बोका" ऐकलेला माणूस निर्धास्त होतो, आणि भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते. गर्भ नऊ आठवड्यांचा. पोट दिसेपर्यंत निम्मा काळ गेलेला असतो. उलटी चूकही होते: एखाद्या बोक्याची एक किंवा दोन्ही गोळ्या खाली उतरतच नाहीत. हाताला लागलं नाही म्हणून भाटी ठरवू नका, अंतर मोजा.

वारणाकाठ:
दोघंही "बोकाच हवा" हे गृहीत धरून भांडताय. बोकाही वयात आला की भिंतीवर धार मारतो, रात्र-रात्र बाहेर राहतो, मारामारीत कान फाडून घेतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात ऑपरेशन करून घ्यायची तयारी असेल तर भाटीला नाही म्हणायचं कारणच उरत नाही. पिल्लू देतानाच हे बोला.

आणि ओळखण्याचं म्हणाल, तर सहा ते आठ आठवड्यांना पहिल्या लशीसाठी दवाखान्यात न्यावंच लागतं. त्याच टेबलावर डॉक्टरांना शेपटी उचलून बघायला सांगा, नर की मादी ते लशीच्या कार्डावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या आणि पिल्लासोबत ते कार्डही द्या.