फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब धरायचाय, कुठली कॉर्ड घेऊ?

टेकडीवेडा:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, मामाने त्याचा ४३०ईएक्स टू फ्लॅश दिलाय आणि १०० एमएम मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) सेकंडहॅन्ड घेतलीये. पाऊस सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी सकाळी मी पुण्यात वेताळ टेकडीवरच असतो, खाणीच्या आसपास कोळी, नाकतोडे, भुंगेरे भरपूर मिळतात. प्रॉब्लेम असा की फ्लॅश वर लावून किड्याच्या अगदी जवळ गेलं की लेन्सचीच सावली फोटोत येते आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढराफटक डाग पडतो, रंगच निघून जातो. म्हणून फ्लॅश बाजूला घ्यायचाय.

दुकानात तीन गोष्टी दाखवल्या. एक हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच) बसणारा छोटा अडॅप्टर आणि त्याला पीसी सिंकची, म्हणजे फ्लॅशला फक्त उडायला सांगणारी बारीक वायर, एकदम स्वस्त. दुसरी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली टीटीएल कॉर्ड (टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो), ताणली तर ६० सेंमी वगैरे. तिसरी पाच मीटरची सरळ टीटीएल. भाऊ ढोल पथकात आहे, नदीपात्रात संध्याकाळी त्यांचा सराव असतो, तिथेही वापरता येईल म्हणून लांबवाली घ्यावी असं वाटतंय, पण फोटो मुख्यतः किड्यांचेच. काय करू?

काजवा:
किंमत, लांबी सगळं नंतर, आधी कॅमेऱ्याचा हॉट शू उजेडात धरून बघ. १५००डीला मधली मोठी पिन नाहीये. कॅननने ३०००डी आणि २००डी टू लाही ती दिलेली नाही. साधी सिंक वायर फक्त त्या मधल्या पिनवर आणि बाजूच्या पत्र्यावर चालते, शटर उघडलं की ते दोन जोडले जातात आणि फ्लॅश उडतो, बाकी काही निरोप जात नाही. तुझ्याकडे ती पिनच नाही म्हटल्यावर तो स्वस्त अडॅप्टर कितीही चांगला निघाला तरी फ्लॅश उडणार नाही. शिवाय ४३०ईएक्स टू ला ती वायर लावायचं पीसी सॉकेटपण नाही, ते ५८०ईएक्स टू ला आहे, म्हणजे फ्लॅशच्या बाजूला अजून एक अडॅप्टर आला.

त्यामुळे छोट्या पिनांवरून चालणारी टीटीएल कॉर्डच, आणि तीही कॅननचीच किंवा कॅननसाठी बनवलेली. निकॉनची एससी-२८ कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नकोस, बाहेरून सारखी दिसते पण छोट्या पिनांच्या जागा वेगळ्या आहेत. कॅननची स्वतःची ओसी-ई३, तीच ६० सेंमीवाली. यात कॅमेऱ्याला वाटतं फ्लॅश डोक्यावरच बसलाय, म्हणून टीटीएल, हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरवरही फ्लॅश चालणं) सगळं चालतं आणि फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्याच्या मेनूतूनच कमीजास्त करता येते. चिखलात गुडघ्यावर बसलेलं असताना हे किती उपयोगी पडतं ते टेकडीवर कळेलच.

मुठाकाठ:
लांबीबद्दल माझं मत. १०० एमएमवर १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा येईल इतकं जवळ गेलात की लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत वीतभरही अंतर उरत नाही, फ्लॅश पण तिथेच शेजारी येणार, मग पाच मीटर वायरचं करायचं काय? ती गवतात, घाणेरीच्या काट्यात अडकणार, पायात येणार आणि ओढली गेली की आधी किडा उडणार. मॅक्रोला आखूडच बरी.

पथकासाठीपण आखूड चालते हो. उजव्या हातात कॅमेरा, डावा हात वर करून बाजूला फ्लॅश, ६० सेंमी त्याला पुरतात. संध्याकाळी शटर १/३० च्या आसपास ठेवा, सेकंड कर्टन सिंक लावा (फ्लॅश शटर बंद व्हायच्या जरा आधी उडतो), मग टिपरू फिरलेलं दिसतं आणि वादकाचा चेहरा फ्लॅशने शार्प राहतो. मला सरावाचे असेच फोटो आवडतात, सगळं गोठवून टाकलं की ढोल वाजतोय असं वाटतच नाही. स्टँडवर लांब ठेवायचा असेल तर मात्र कॉर्डचा नाद सोडा, गर्दीत कुणाचातरी पाय अडकणार आणि स्टँडसकट फ्लॅश खाली येणार. त्याला गोडॉक्स कंपनीचा ट्रान्समीटर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारा, यालाच ट्रिगर म्हणतात) आणि फ्लॅशखाली एक्स१आर-सी रिसिव्हर घ्या. फक्त बिनपिनेच्या बॉडीवर काही ट्रिगर चालत नाहीत, काहींना फर्मवेअर अपडेट लागतं, म्हणून दुकानात स्वतःचा कॅमेरा लावून फ्लॅश उडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टेकडीवेडा:
बघितलं, खरंच मधली पिन नाहीये! इतके दिवस लक्षच गेलं नव्हतं कारण मामाचा फ्लॅश व्यवस्थित उडतो. अडॅप्टर बाद. आता कंपनीची कॉर्ड महाग पडतेय, दुसऱ्या कंपनीची बरीच स्वस्त आहे, चालेल का? आणि एकजण म्हणाला तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) वायर आणून आखूड कॉर्ड वाढवता येते, ते खरंय का?

सोल्डरगन:
खरंय. कॅननच्या शूत चार छोट्या पिना, एक मधली (तुमच्या १५००डीत नाही ती) आणि बाजूचा पत्रा म्हणजे अर्थ, एकूण सहा वायरी. लॅन केबलमध्ये आठ असतात, त्यामुळे कॉर्ड मधे कापून दोन्ही टोकांना आरजे४५ सॉकेट (लॅन केबल खोचायचं) लावायचं आणि मधे पाहिजे तेवढ्या लांबीची लॅन केबल टाकायची. सोल्डर करायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावून कुठली वायर कुठल्या पिनला जाते ते कागदावर लिहून घ्या, वायरींच्या रंगावर विसंबू नका. पण मुठाकाठ म्हणतात तसं तुम्हाला त्याची गरज दिसत नाही, चांगली कॉर्ड उगाच कापू नका.

दुसऱ्या कंपनीची चालते, फक्त हातात घेऊन बघा. फ्लॅश बसतो ते टोक नीट घट्ट लॉक झालं पाहिजे, फ्लॅश लावून हलवला तर डुगडुगायला नको, कारण पिना जरा सरकल्या की टीटीएल जातं आणि फ्लॅश कधी उडतो कधी नाही. जिथे वायर आत शिरते तिथे रबराची जाड बाही हवी, कॉर्ड तुटते ती तिथेच. त्या टोकाला खालून ट्रायपॉडचा आटा असेल तर तीच घ्या, एल ब्रॅकेटवर (कॅमेऱ्याला जोडायची एल आकाराची पट्टी) बसवता येते, सारखा हात धरून ठेवावा लागत नाही. पावसाळ्यात पिनांवर काळपट थर येतो, शाईच्या नाही, पेन्सिलच्या खोडरबरने हलकं पुसलं की जातो. आणि त्या स्प्रिंगला ओढ असते, फ्लॅश नुसता दगडावर ठेवला तर ती त्याला ओढून पाडते.

काजवा:
एक सांगायचं राहिलं. नुसती कॉर्ड घेऊन भुंगेऱ्यावरचा तो पांढरा डाग जाणार नाही, तो फक्त बाजूला सरकेल. फ्लॅशच्या तोंडासमोर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा फोम लाव, फ्लॅशला चिकटून नको, थोडं अंतर ठेवून, आणि तो पडदा किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका ने. किड्याच्या मानाने पडदा मोठा झाला की डाग पसरून मऊ होतो आणि रंग परत दिसतो. कोळ्याच्या डोळ्यात बघ, नुसत्या फ्लॅशने टाचणीएवढा ठिपका येतो, पडदा लावला की छोटी खिडकी दिसते. सुरुवातीला मॅन्युअलवर १/२००, एफ/११, आयएसओ २०० आणि फ्लॅशची पॉवर १/१६ ठेव. जास्त झालं तर १/३२ कर, फ्लॅश अजून जवळ आणला तरी पॉवर उतरवावीच लागते कारण अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. इतक्या कमी पॉवरवर तो लगेच रिचार्ज होतो आणि त्याची चमकही खूप कमी वेळाची असते, वाऱ्याने पान हलत असलं तरी कोळी शार्प येतो.