मदत हवी आहे: थँक्सगिव्हिंगला बर्फात केबिन, हायकिंग आणि सोबत आमची गावठी ठमी

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला न्यू हॅम्पशायरमधे लिंकनजवळ एक केबिन बुक केलीये. आम्ही दोघं, मुलगी (वय 9), सध्या नाशिकहून आलेली माझी आई आणि ठमी. ठमी म्हणजे पुण्याहून आमच्याबरोबर न्यू जर्सीत एडिसनला आलेली गावठी कुत्री, साधारण 18 किलो, अंगावर केस म्हणाल तर नावाला आणि पोट तर जवळजवळ उघडंच. बर्फ तिने पाहिलाय पण तो आपला मागच्या अंगणातला, शू करून पळत आत येण्यापुरता, इथे तास-दोन तास चालायचंय आणि तिथे राहणारी मैत्रीण म्हणते की वर आत्ताच बर्फ पडून गेलाय आणि रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं.

तर प्रश्न असे की एवढ्या थंडीत अशा कमी केसांच्या कुत्रीला किती वेळ बाहेर ठेवलेलं चालतं? बूट आणलेत पण घातले की चारही पाय एकेक करून झटकते आणि सोफ्यामागे जाऊन बसते ती बिस्किट दाखवलं तरी येत नाही. नवऱ्याच्या डोक्यात तिथल्या व्हाइट माउंटन्स डोंगररांगेतलं माउंट लफाएट चढायचं भरलंय, व्हिडिओ बघून बघून, मला ते अजिबात पटत नाहीये पण 'तुला कशाचीही भीतीच वाटते' हे ऐकून घ्यायचा कंटाळा आलाय त्यामुळे कोणीतरी अनुभवी माणसाने सांगितलं तर बरं. केबिनवाल्यांचा नियम आहे की कुत्र्याला एकटं सोडायचं नाही, आई थांबेल तिच्याजवळ, दोघींचं मेतकूट छान जमलंय, पण मग ठमीला आणलंच कशाला असं होईल.

आगाऊ धन्यवाद!

---

प्रतिसाद:
बोस्टनकर आहे, आमच्या लॅबला (लॅब्रेडॉर कुत्र्याला) घेऊन त्या भागात नेहमी जाणं होतं. नवऱ्याला माझ्यातर्फे सांगा की नोव्हेंबर अखेरीला लफाएट कुत्री आणि 9 वर्षांची मुलगी घेऊन नाही म्हणजे नाही. 5249 फूट शिखर, फेरा साधारण 9 मैलांचा, त्यात वरची धार पूर्ण उघडी, एकही झाड नाही, आणि सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. त्याच व्हाइट माउंटन्समधल्या माउंट वॉशिंग्टनवर 1934 साली ताशी 231 मैल वारा मोजला गेलाय, रोज तेवढा नसतो हे मान्य पण 40-50 मैलांचा वारा तिथे कोणी बातमी म्हणूनही सांगत नाही. खाली पार्किंगमधे ऊन असतं आणि वर समोरचा माणूस दिसत नाही, लोक फसतात ते इथेच. व्हिडिओ बहुतेक जुलै-ऑगस्टचे असतात.

त्यापेक्षा लिंकन वुड्स ट्रेल करा, कॅन्कमॅगस हायवेवर, लिंकनहून अगदी जवळ. जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेचा मार्ग आहे त्यामुळे जवळजवळ सपाट, काही ठिकाणी स्लीपर अजून जमिनीत आहेत, बर्फाखाली दिसत नाहीत तेव्हा ठेचा लागतात तेवढं सांभाळा. सुरुवातीलाच नदीवर झुलता पूल आहे, आमचा लॅब पहिल्यांदा मधोमध पोट टेकून बसला होता, मागे लोकांची रांग. तुमची घाबरली तर ओढू नका, एकाने पुढे जाऊन हाक मारा. फ्रँकोनिया फॉल्सपर्यंत एका बाजूने तीन मैलांच्या वर होतं, तेवढं जायची गरज नाही, हवं तिथून मागे फिरता येतं ही त्या ट्रेलची खरी मजा. पार्किंगचे 5 डॉलर लागतात. फ्लूम गॉर्जच्या नादी लागू नका, तिकिटाचा सीझन ऑक्टोबरअखेर संपतो आणि सीझनमधेही तिथे कुत्री चालत नाहीत.

आणि महत्त्वाचं, तेव्हा हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा सीझन चालू असतो आणि नॅशनल फॉरेस्टमधे शिकारीला परवानगी आहे. ठमीचा रंग कोणता? तपकिरी असेल तर भडक केशरी जॅकेट घातल्याशिवाय गाडीतून उतरवू नका, तुम्ही पण केशरी टोप्या घाला, आणि पट्टा अजिबात सोडायचा नाही.

---

प्रतिसाद:
बोर्डिंगमधे ठेवा की सरळ. मुक्या जनावराला हौसेपायी बर्फात कशाला नेता?

---

धागाकर्ती:
@बोस्टनकर खूप खूप धन्यवाद, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, सध्या शांतता आहे. ठमी तपकिरीच आहे, अगदी हरणासारखी, शिकारीचं तर डोक्यातच आलं नव्हतं!

बोर्डिंगबद्दल: मागे एकदा ठेवली होती तर जेवण सोडलं होतं तिने, म्हणून ती आमच्याबरोबरच येणार.

बुटांचं कोणी सांगेल का?

---

प्रतिसाद:
मिनेसोटातून लिहितेय, आमच्याकडेही पुण्याचीच गावठी आहे, हिवाळे काढतेय आरामात. एकदम चार बूट घालू नका, आधी घरात नुसते मागचे दोन, लगेच आवडीचं खाणं द्या आणि खेळायला लावा म्हणजे पायाकडे लक्ष जात नाही, मग पुढचे. अजून दिवस आहेत तेवढ्यात जमेल. जाड तळव्याचे आवडत नसतील तर फुग्यासारखे पातळ रबरी मिळतात ते बघा, त्यात जमीन कळते त्यांना. नाहीच जमलं तर तळव्यांना मेण लावायचं, स्लेजच्या कुत्र्यांना लावतात तसलं. बोटांच्या मधे बर्फाच्या गोळ्या धरतात, कुत्री मधेच थांबून पाय चाटायला लागली की तेच समजा, हातमोजा काढून बोटांनी वितळवून काढा, ओढू नका. गाडीत येताना कोमट पाणी आणि टॉवेल ठेवा, रस्त्यावरचं मीठ पायाला लागलेलं असतं ते ती चाटणार.

जॅकेट छाती आणि पोट दोन्ही झाकणारं घ्या, नुसतं पाठीवरचं शोभेचं नको. वेळेचा आकडा असा कोणी देऊ शकत नाही, वारा आणि ओल यावर आहे सगळं, ओली झाली तर शून्याच्या वरही गारठते. पहिल्या दिवशी अर्धा तास करून बघा. पाय आळीपाळीने उचलणं, पाठ वाकवणं, थरथरणं, तिथल्या तिथे मागे वळणं, यातलं काहीही दिसलं की परत. आणि थरथरणारी कुत्री अचानक थरथरायची थांबली, सुस्त झाली, अडखळायला लागली तर ती सवय झालेली नसते, ती पुढची पायरी असते, तेव्हा कोरड्या ब्लँकेटमधे गुंडाळून गाडीत आणि तडक व्हेटकडे. जवळचं इमर्जन्सी व्हेट कुठे आहे ते निघण्याआधीच शोधून नंबर फोनमधे ठेवा, डोंगरात नेटवर्क जातं. थर्मासमधे कोमट पाणी न्या, बर्फ खाऊन तहान भागत नाही त्यांची.

---

प्रतिसाद:
केबिनबद्दल थोडं. थंडी पडली की उंदीर आत येतात आणि बरेच मालक सिंकखाली, पलंगाखाली, हीटरच्या मागे विषाच्या हिरव्या-निळ्या गोळ्या ठेवून देतात, कुत्र्याला त्या खाऊच वाटतात. मालकाला आधी मेसेज करून विचारा आणि पोचल्यावर ठमीला गाडीतच ठेवून एकाने टॉर्च घेऊन सगळे कोपरे बघा, मग तिला आत न्या. शेकोटीचा स्टोव्ह असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का बटण दाबून बघा. ड्राइव्हवे चढाचा आहे का तेही विचारा, न्यू जर्सीतले ऑल सीझन टायर तिथे रडवतात. गाडीखाली अँटिफ्रीझ गळलेलं असेल तर तिला तिथे हुंगू देऊ नका, गोड लागतं म्हणे आणि किडनी जाते.

आजी चोरून काही देत असतील तर त्यांना सांगून ठेवा, लाडवातले बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसणाचं काहीही चालत नाही.

---

धागाकर्ती:
आई खरंच देते चोरून, दिवाळीचे बेसन लाडू अजून आहेत आणि वर एकेक बेदाणा चिकटवलेला आहे! डबा माझ्या ताब्यात घेतलाय. मालकाला उंदरांचं विचारलं तर 'मे बी इन द बेसमेंट' असं मोघम उत्तर आलं, बेसमेंटला कडी आहे का विचारलंय.

एकच राहिलं, एवढ्या थंडीत गोचिडीचं औषध चालू ठेवायचं का? नवरा म्हणतो बर्फात कुठल्या गोचिड्या.

---

प्रतिसाद (बोस्टनकर):
चालू ठेवा. लाइम रोग पसरवणारी गोचीड शून्याच्या वर पारा गेला की बाहेर येते, ऑक्टोबर-नोव्हेंबर तर मोठ्या गोचिड्यांचे खास महिने. परत आल्यावर कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघायचं, मुलीच्या केसांतही.

आणि न्यू हॅम्पशायरचं हाइकसेफ कार्ड काढा, कुटुंबाचं 35 डॉलरला. निष्काळजीपणामुळे रेस्क्यू करावं लागलं तर राज्य खर्च मागू शकतं, कार्ड असलं की तो पडत नाही. मुद्दाम बेफिकिरी केली तर मात्र कार्डाचा उपयोग नाही, हे वाक्य पण मोठ्याने वाचा.

---

धागाकर्ती:
वाचलं. लफाएट पुढच्या जुलैवर ढकललंय. ठमी आज मागचे दोन बूट घालून जेवली.