मदत हवी आहे: गेम कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते, दुरुस्त होईल का?

नमस्कार मंडळी, मागच्या दिवाळीला बोनसमधून साडेपाच हजारांचा वायरलेस कंट्रोलर घेतला. धाकटा भाऊ सांगत होता हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या) स्टिकवाला बघ, पण मी ब्रँड बघून घेतला आणि आता खरंच खूप वाईट वाटतंय. डाव्या स्टिकला बोटही न लावता प्लेअर डावीकडे चालायला लागतो, मेनूमधला कर्सरसुद्धा एका जागी थांबत नाही, वॉरंटी तर कधीच संपली.

माझ्या स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर (स्टिक किती सरकली ते मोजणारा भाग) असतो ना, त्याची कार्बनची पट्टी घासून घासून झिजते, हॉल इफेक्टमध्ये चुंबक असल्यामुळे काही घासतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून बघितलं, दोन दिवस बरं चाललं, परत तेच. स्टीममध्ये (पीसी गेमचं ॲप) डेडझोन, म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल गेम धरतच नाही तो भाग, वाढवला की सरकणं थांबतं पण मग रेसिंगमध्ये गाडी हलकेच वळवायला गेलं तर ती वळतच नाही.

हॉल इफेक्टचं मॉड्यूल टाकायचं तर 14 पिना डिसोल्डर कराव्या लागतात (सोल्डर वितळवून सोडवाव्या लागतात), माझा हात तेवढा बसलेला नाही. पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट) किंवा आसपास कोणी हे काम करून घेतलंय का? खर्च किती आला आणि नंतर कॅलिब्रेशन कसं केलंत तेही सांगा प्लीज, लगेच नवा घेणं जमणार नाही.