हार्ड डिस्क बदलल्यावर क्लोन करावा की विंडोज नव्याने टाकावे?

सह्यकडा: 'प्रवाही' यांनी काल असे लिहिले की, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवताना सरळ क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्यावा, विंडोज नव्याने टाकणे हा वेळेचा अपव्यय आहे. असा सरसकट सल्ला धोक्याचा आहे. अनेक लोक डिस्क बदलतात ती बॅड सेक्टर (डिस्कवरचे वाचता न येणारे भाग) येऊ लागल्यावर. अशा डिस्ककडून शेकडो जीबी सलग वाचून घेताना ती मध्येच बंद पडली, तर घरचे फोटोही जातात. क्लोन पूर्ण झाला तरी बिघडलेल्या सिस्टिम फायली जशाच्या तशा नव्या डिस्कवर येतात. नव्याने टाकल्यावर विंडोजचा परवाना जाईल, ही भीती तर निराधार आहे. विंडोज 10 आणि 11 चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच होम किंवा प्रो आवृत्ती टाकून इंटरनेट जोडले की ॲक्टिव्हेशन आपोआप होते.

प्रवाही: माझा सल्ला चालू स्थितीतल्या डिस्कसाठी होता, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर विंडोज 11 नव्याने टाकले, तेव्हा वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) नसल्यामुळे सगळे काम इंटरनेट मागणाऱ्या पानावरच अडकले. सामान्य माणसाने तिथे काय करावे?

अक्षरजुळारी: माझे छपाईचे काम आहे. दुकानदाराने मला न विचारता नवे विंडोज टाकले आणि जुनी डिस्क फॉरमॅट केली. फायलींची प्रत त्याने ठेवली होती, पण जुने मराठी फॉन्ट गेल्यामुळे लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायलींत आता इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही त्या जुन्या विंडोजलाच बांधलेला होता, आणि कंपनी तो पुन्हा देण्याचे पैसे मागते.

सह्यकडा: आपल्या नुकसानीबद्दल वाईट वाटते, परंतु त्याचे मूळ नव्या विंडोजमध्ये नसून युनिकोड (कोणत्याही संगणकावर तीच अक्षरे दाखवणारी प्रमाण पद्धत) न वापरण्यात आहे. विंडोज 2000 पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असताना आजही जुन्या फॉन्टमध्येच मजकूर का साठवावा?

अक्षरजुळारी: हा उपदेश घरी बसून पत्रे लिहिणाऱ्याला करावा. पेजमेकरला (पानांची मांडणी करण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला) युनिकोड कळत नाही आणि माझे जुने सगळे काम त्यातच आहे. रूपांतर केले की जोडाक्षरे आणि रफार तुटतात, मग प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते. त्या श्रमांचे पैसे कोणतेही गिऱ्हाईक देत नाही. मराठी छपाईचा एवढा मोठा व्यवहार ज्या फॉन्टांवर उभा राहिला, त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

भरतीओहोटी: जुनी डिस्क शाबूत असती, तर ती यूएसबी केसमध्ये घालून विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून फॉन्ट काढता आले असते. दुकानदाराचा खरा अपराध विंडोज टाकण्यात नाही, डिस्क फॉरमॅट करण्यात आहे.

प्रवाही: क्लोन घेतला असता, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. माझे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

सह्यकडा: पुन्हा मिळवता न येणारे सॉफ्टवेअर असेल, तर क्लोन घ्यावा, एवढे मान्य करतो, त्यापलीकडे नाही. त्याआधीही महत्त्वाच्या फायली वेगळ्या उतरवाव्यात, आणि स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे संशयित भाग) दिसत असतील, तर क्लोनचा आग्रह सोडावा.

अक्षरजुळारी: हा अहवाल पाहणे दुकानदाराचे काम होते. माझ्या फायली अजूनही वाचता येत नाहीत, आणि इथे मला युनिकोडचे धडे मिळत आहेत.