बसची राखीव मार्गिका आणि आपण : इंदूरकरांचे अनुभव

एबी रोडवर मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध जाळ्या लावून फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती काढण्याचा मार्ग उच्च न्यायालयाने मोकळा केला. बसला मिळालेल्या या अग्रक्रमाशी आपण रस्त्यावर प्रत्यक्षात कसे वागलो, तेवढेच इथे लिहावे. योजना बरोबर की चूक, हा वाद आपल्याकडे प्रत्येक पंगतीत होतोच.

बसने जाणारी, भंवरकुआं
पलासियाला कार्यालयात जाताना आय-बसमध्ये, म्हणजे या मार्गिकेतल्या बसमध्ये, उभे राहायलाही जागा नसे. तरीही शेजारी गाड्या खोळंबलेल्या असताना बस पुढे निघून जाई आणि पोहोचण्याची वेळ घरून निघतानाच सांगता येई. मला वेगापेक्षा हा भरवसा मोलाचा वाटे. तिकीट स्थानकावरच काढलेले असल्यामुळे दारात सुट्या पैशांसाठी खोळंबा होत नसे. खरा त्रास स्थानक गाठण्याचा होता. ते रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे निम्मा रस्ता ओलांडावाच लागे, आणि डावीकडे वळणारे कोणासाठीही थांबत नसल्यामुळे झेब्रा पट्ट्यांवर हात दाखवत पावला-पावलाने सरकावे लागे.

कारचालक, राजेंद्रनगर
एका बसमध्ये माझ्यासारखे कितीतरी कारवाले मावतात आणि दोन बसमधल्या वेळात मार्गिका रिकामी दिसणारच, हे मला कळत होते. मात्र एलआयजी चौकाच्या सिग्नलला अडकल्यावर ते पटत नसे. जाळ्या निघाल्याचा मला आनंदच झाला, हे लपवत नाही.

स्कूटरवाला, विजयनगर
बस मधून सरळ जाई आणि उजवीकडे वळणारे तिचाच मार्ग छेदत, म्हणून त्यांना सिग्नलवर वेगळी वेळ द्यावी लागे आणि सगळ्यांचेच थांबणे लांबे. लोक मग आकड्यांकडे डोळे लावून बसत. पाच उरले की मागून हॉर्न सुरू होत आणि तीनवर पुढची रांग थांबरेषा ओलांडून चौकात शिरलेली असे. हवालदार समोर असला, तर तीच मंडळी शून्यापर्यंत शिस्तीत उभी राहत. माझ्या मते यात जाळीचा दोष नव्हता.

रुग्णालयातील परिचारिका
रुग्णवाहिका याच मार्गिकेतून येत असत. आता चालकाला भोंगा वाजवत वाट मागावी लागते. लोक देतातही, पण बाजूला सरकायला त्यांच्याकडे जागाच नसते.