नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे मूळचे कुठले?

प्रश्न : नाताळच्या झाडाला टांगले जाणारे चकचकीत काचेचे गोळे कधीपासून वापरात आले, आणि त्यापूर्वी झाडावर काय लावत असत?

प्रतिसाद १ : त्यापूर्वी बहुतेक खाऊच असे. स्ट्रासबुर्ग (आज फ्रान्समधील शहर) येथील १६०५ सालच्या एका नोंदीत, लोक दिवाणखान्यात फरचे झाड उभे करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ वेफर आणि साखरेचे पदार्थ टांगतात, असे वर्णन आहे.

प्रतिसाद २ : गोळ्यांचे गाव म्हणजे जर्मनीच्या थुरिंगिया भागातील लाउशा. तेथे १५९७ पासून काचेची भट्टी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कारागीर झाडासाठी गोळे करू लागले. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून तोंडाने फुंकून फुगवायची, थंड झाल्यावर आत चांदीच्या क्षाराचे द्रावण घालून खळबळायचे, की आतली बाजू आरशासारखी होते. रंग मात्र बाहेरून चढतो. हा घरगुती उद्योग होता, त्यामुळे सारे कुटुंबच कामाला लागे. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकी दुकानदार फ्रँक वूलवर्थ यांनी हा माल आपल्या दुकानांत विकला.

प्रतिसाद ३ : थोडे अवांतर. इंग्लंडमध्ये झाड प्रथम राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी आणले, असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. व्हिक्टोरियाची आजी राणी शार्लट हिने १८०० मध्येच विंडसरला झाड सजवले होते. अल्बर्ट आणि व्हिक्टोरिया यांचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि प्रथा मध्यमवर्गात पसरली, इतकेच.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आमच्या झाडावर प्लास्टिकची लाल सफरचंदे का असतात, तेही आता उमगले.